निदान, भांडताना

कुणाला वेडा ठरवायचं असलं की मराठी माणूस त्याला गावाला पाठवतो. मुंबईत 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात. पुणेकर येरवड्याला धाडतो. तिथं तुरुंगही असल्यानं ऐकणाऱ्यानं सोयीचा अर्थ घ्यावा. कोकणात रत्नागिरीनं काम भागतं. नागपुरात छिंदवाडा रस्त्यावरच्या एका चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, म्हणजे तिथं पत्ता सांगतानाच अर्धी शिवी देऊन होते. कुणी कुणाला कुठं पाठवलं यावरून पाठवणाऱ्याचा जिल्हा ओळखावा.

या चारही ठिकाणी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं १८६४ सालचं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. येरवड्याचं विसाव्या शतकाच्या आरंभीचं आणि अडीच हजारांहून जास्त खाटांचं. शंभर-दीडशे वर्षांत तिथून कितीतरी माणसं उपचार घेऊन घरी परतली. आपल्या बोलण्यात मात्र या गावांचं फक्त जाण्याचं तिकीट मिळतं, परतीचं नाही.

अलीकडे गावं मागे पडली आणि रोगांची नावं पुढे आली. 'मेंटल' आणि 'सायको' रुळून बराच काळ झाला. आता कुणी बायपोलर असतो, कुणाला ओसीडी असतो, नावडता साहेब नार्सिसिस्ट असतो आणि पार्टीत फारसं न बोलणारा मित्र ऑटिस्टिक. शिव्या शिकलेल्या झाल्या. त्या आता डॉक्टरी भाषेत बोलतात, आणि म्हणून शिवी दिली असं देणाऱ्यालाही वाटत नाही.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. हाउसिंग सोसायटीची सभा चालू आहे, विषय गच्चीवरची पाण्याची टाकी. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना म्हणतात, "मागच्या सभेत तुम्ही नव्या टाकीला हो म्हणालात, आज दुरुस्तीवर अडून बसलात. काका, तुम्ही बायपोलर आहात का हो?" हशा पिकतो. काका लालबुंद होऊन खाली बसतात. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई मात्र हसत नाहीत. त्या मोबाइलमध्ये डोकं घालतात. त्यांच्या पर्समध्ये लिथियमच्या गोळ्यांचं पाकीट आहे, आणि ते सोसायटीत कुणालाही ठाऊक नाही.

त्या एका वाक्यानं काय काय झालं? काकांनी मत का बदललं हा रास्त प्रश्न होता, तो विचारलाच गेला नाही. एका आजाराबद्दल चाळीस माणसांना चुकीची माहिती मिळाली. आणि जखम झाली ती काकांना नाही, भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या बाईंना.

रोग एक, शिवी भलतीच

आधी माहितीची चूक बघू. मत बदलणं हे बायपोलर विकाराचं लक्षण नाही. सकाळी हसणं आणि दुपारी चिडणं हेही नाही. या विकारात मनाची अवस्था लाटेसारखी चढते आणि दीर्घ काळ टिकते. उन्मादाचं निदान करायला ती अवस्था निदान आठवडाभर राहिलेली असावी लागते, नैराश्याचं करायला निदान दोन आठवडे. उन्मादात माणूस दोन-तीन तास झोपूनही थकत नाही, विचार एकावर एक आदळतात, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, अशक्य बेत हातच्या मळासारखे वाटतात. ओसरल्यावर त्याच माणसाला त्या दिवसांचा हिशोब चुकवावा लागतो. दोन लाटांच्या मधे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, तो चारचौघांसारखा नोकरी करतो, डबे भरतो, सभेला येतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं लिथियमचा उपयोग दाखवून दिला. रक्तातली त्याची पातळी अधूनमधून तपासावी लागते, एवढी काळजी घेतली की ते आजही अनेकांचं आयुष्य सावरून धरतं.

ओसीडीला मराठीत एक नेमका शब्द आहे: मंत्रचळ. चादरीला सुरकुती चालत नाही, डबे एका ओळीत लागतात, याला मंत्रचळ म्हणत नाहीत. ती टापटीप झाली, आणि टापटिपीचा माणसाला आनंद होतो. मंत्रचळात आनंद कुठंच नसतो. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, तो फोल आहे हे बहुतेकदा कळत असतं, तरी हात धुतल्याशिवाय किंवा कुलूप पुन्हा ओढून पाहिल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. दिवसाचा तासाहून जास्त वेळ असा जातो, किंवा रोजचं जगणंच अडतं, तेव्हा डॉक्टर त्याला विकार म्हणतात. कातडी फुटेपर्यंत हात धुणाऱ्या माणसानं 'मला पण ना, जरा ओसीडीच आहे' हे कौतुकानं म्हटलेलं ऐकलं, तर त्याला काय वाटत असेल?

स्किझोफ्रेनियाची गंमत करताना तर आपण शब्दाच्या व्युत्पत्तीला फसलो आहोत. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द ग्रीक शब्दांपासून घडवला: दुभंगणे आणि मन. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि अनुभव यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड सुटते. लोकांनी अर्थ घेतला की एका माणसात दोन माणसं राहतात. म्हणून आज एक आणि उद्या दुसरं बोलणाऱ्या पुढाऱ्याला लेखातसुद्धा 'स्किझोफ्रेनिक' म्हटलं जातं. प्रत्यक्षात या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे असं ठाम वाटतं, आणि त्याहून जास्त काळ तो नुसता आक्रसून, अलिप्त होऊन बसतो. त्याच्याकडे दोन चेहरे नसतात. असलेला एक सांभाळतानाच त्याची दमछाक होते.

राहिला 'सायको'. १९६० साली आलेल्या हिचकॉकच्या चित्रपटानं हा शब्द जगभर पोचवला. या तीन अक्षरांत आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी नातं सुटणं. त्यात माणूस बहुधा भेदरलेला असतो. सायकोपॅथी म्हणजे वास्तव स्वच्छ कळत असूनही दुसऱ्याच्या दुःखानं काहीच न हलणं. पहिल्याला उपचार हवेत, दुसऱ्यापासून सावध राहायला हवं. वर्तमानपत्रातला खुनी आणि आवाज ऐकू येणारी शेजारची मुलगी यांना एकच शब्द लावला, की मुलीच्या घरच्यांना भाड्यानं जागा मिळणं अवघड होतं.

दवाखान्यातून रस्त्यावर

हे सारं आजच्या पिढीचं फॅड आहे असं समजायचं कारण नाही. आपण बिनदिक्कत वापरतो ते 'इडियट' आणि 'मोरॉन' एके काळी केसपेपरवरचे शब्द होते. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. पुढे अमेरिकेत त्या मोजणीवर पायऱ्या ठरल्या: ज्याचं मानसिक वय तीन वर्षांच्या आत तो इडियट, साधारण तीन ते सात तो इम्बेसिल, आणि त्याच्या वर बारापर्यंतचा तो मोरॉन. हा शेवटचा शब्द हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञानं १९१०च्या सुमाराला मुद्दाम तयार केला, कारण या वरच्या पायरीला वेगळं नाव नव्हतं. त्याचीही शिवी व्हायला फार वर्षं लागली नाहीत.

भारतातही हे शब्द कागदोपत्री होते. १९१२च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'मध्ये ल्युनॅटिकची व्याख्या करतानाच 'इडियट' हा शब्द वापरलेला होता, आणि त्या कायद्याची जागा घेणारा १९८७चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष लागू झाला १९९३ साली. म्हणजे 'थ्री इडियट्स' हा चित्रपट थिएटरात लागायच्या जेमतेम सोळा वर्षं आधीपर्यंत तो आपल्याकडे कायद्यातला शब्द होता.

मराठीत हाच प्रवास 'मतिमंद'नं केला. कुणाचा अपमान होऊ नये म्हणूनच तो संस्कृत वळणाचा सौम्य शब्द आणला गेला. शाळांच्या पाट्यांवर, सरकारी अर्जांवर तो चढला. मग तो मैदानात उतरला आणि कॅच सोडणाऱ्या पोराला ऐकू येऊ लागला. त्याच्या जागी 'गतिमंद' आला, 'विशेष मुलं' आली. आता 'स्पेशल आहेस का रे तू?' हेही चिडवणं झालंय. स्टीव्हन पिंकर या भाषाभ्यासकानं या प्रकाराला पायपट्ट्याची (ट्रेडमिलची) उपमा दिली आहे: शब्द बदलत कितीही चाललं तरी माणूस जागच्या जागीच. मनातली तुच्छता तशीच ठेवून नुसती पाटी बदलली, तर नवी पाटीही काही वर्षांत मळते.

मग नाव बदलण्यात अर्थच नाही का? जपानचा अनुभव थोडा आशा देणारा आहे. तिथं स्किझोफ्रेनियाला 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचं नाव होतं. ते इतकं भयंकर वाटे की डॉक्टर रुग्णाला ते सांगायलाच कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं आग्रह धरला आणि २००२ साली 'समन्वय बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचं नाव स्वीकारलं गेलं. पुढच्या तीन वर्षांत स्वतःचं निदान सांगितलं गेलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून सुमारे ७० टक्क्यांवर गेलं. दक्षिण कोरियानं तर वाद्याच्या तारेची प्रतिमा घेतली. तिथल्या नव्या नावाचा आशय तार जुळवण्याशी जोडलेला आहे. उतरलेली तार पुन्हा लावता येते. या बदलांचं मोल नुसत्या नव्या नावात नाही. नाव बदलताना समाजाला त्या आजाराबद्दल पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं, त्यात आहे.

वादात निदान कुणी करावं?

भांडणातलं निदान एवढं सोयीचं का वाटतं? 'तुमचं म्हणणं चूक आहे' असं म्हटलं की पुरावा द्यावा लागतो. 'तुमचं डोकं ठिकाणावर नाही' असं म्हटलं की द्यावा लागत नाही. समोरचा आणखी चिडला, तर 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणायची सोय. तो रडला तरी तेच, गप्प बसला तरी तेच. अशा आरोपातून सुटायला वाट नसते. बायकांना हा अनुभव जुना आहे. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला, आणि बाईचा राग, कंटाळा, नकार असं सगळं शतकानुशतकं त्याच गाठोड्यात बांधलं गेलं.

खुद्द डॉक्टरांनीही हा मोह अनुभवला आहे. १९६४ साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकानं हजारो मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं की हा गृहस्थ या पदाला मानसिकदृष्ट्या योग्य आहे का. उत्तर देणाऱ्यांपैकी १,१८९ जणांनी 'नाही' म्हटलं, काहींनी तर रोगाची नावंही दिली. त्यांनी गोल्डवॉटरना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि खटला जिंकले. १९७३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम केला: स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुठल्याही सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. ज्यांनी आयुष्य या अभ्यासात घालवलं त्यांनी स्वतःवर ही बंदी घालून घेतली, आणि आपण मात्र व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींवरून साडूला नार्सिसिस्ट ठरवून मोकळे होतो. व्यक्तिमत्त्वाच्या विकाराचं निदान करायला माणसाच्या तरुणपणापासूनच्या वागण्याची घडण पाहावी लागते. घरी, कामावर, मित्रांत, सगळीकडे. एका लग्नातल्या मानपानाची घटना त्याला पुरत नाही.

आपल्या कायद्यानंही याचा विचार केलेला आहे. पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या पतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली, रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या निकालात, सांगितलं की रोगाचं नुसतं नाव पुरेसं नाही. तो किती आहे आणि त्याचा सहजीवनावर काय परिणाम होतो हे सिद्ध करावं लागेल. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे जातो. त्याचं तिसरं कलम सांगतं की उपचारांसाठी किंवा कायद्यानं नेमून दिलेल्या कारणांसाठी सोडून कुणीही कुणाला मनोरुग्ण ठरवू नये. समाजाच्या रीतीभाती, धार्मिक किंवा राजकीय मतं मानत नाही म्हणून तर नाहीच नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्या माणसाचं भान सुटलेलं आहे असा अर्थ काढता येत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. सभेतल्या एका टोमण्यासाठी कुणी या कलमाखाली पोलिसांत जाणार नाही, जाऊही नये. पण संसदेला हे लिहून ठेवावंसं वाटलं, यावरूनच रोगाच्या नावाचं हत्यार किती सहज होतं ते कळतं.

ऐकणारा तिसरा

आता तिसऱ्या रांगेकडे वळू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. याच प्रमाणानं चाळीस माणसांच्या सभेत चार जण तसे असतील, आणि प्रत्येकाच्या घरी त्यांची काळजी वाहणारं कुणीतरी. त्याच सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. डॉक्टर कमी, खर्च जास्त, अंतर लांब ही कारणं आहेतच. त्यांच्या जोडीला लाज आहे. ज्या नावानं सभेत हशा पिकतो, ते नाव स्वतःच्या केसपेपरवर बघायला कोण उठून जाईल? २०२२ साली केंद्र सरकारनं 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा नंबर फुकट लागतो. तो फिरवण्याआधी दार लोटून घ्यावं लागतं, ते लाजेमुळेच.

ही लाज शिकवली जाते, तीही लवकर. इंग्लंडमध्ये चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांना मानसिक आजार असलेल्या माणसासाठी कोणकोणते शब्द वापरले जातात ते विचारलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अडीचशे शब्द जमले, आणि त्यांतले बरेचसे हिणवणारे होते. आपल्या आठवीच्या वर्गात असा कागद फिरवला, तर यादी फार आखूड निघेल असं वाटत नाही.

पण उलटा प्रवासही होऊ शकतो. ज्या ठाण्याच्या नावाची शिवी झाली, त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली, आणि मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत, मोकळेपणानं बोलायची जागा झाली. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेला शेष उभा केला, आणि तोवर या आजाराचं नावही न ऐकलेल्या घरांत तो पोचला.

घटकेत तोळा, घटकेत मासा

'मग आता वेडा हा शब्दही उच्चारायचा नाही का?' असा प्रश्न कुणी विचारेलच. मला तसं वाटत नाही. मराठीतल्या वेडाचा पसारा मोठा आहे. नाटकवेडा, ध्येयवेडा हे गौरवाचे शब्द आहेत. 'वेडी आहेस का गं?' असं आई लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणते. सांगली-कोल्हापूरकडे 'खुळ्या' ही लाडाची हाक असते. आणि वेड पांघरून पेडगावला जाणारा तर सगळ्यांत शहाणा. हे शब्द दवाखान्यातून आलेले नाहीत, त्यांना निदानाचं वजन नाही. अर्थात खरोखर आजारी माणसाच्या घराकडे बोट दाखवून 'वेडीचा मुलगा' म्हटलं, की तोच शब्द दगड होतो. कोण कुणाला, कुठल्या सुरात म्हणतो, यावर सगळं आहे.

तेव्हा प्रश्न रोगांच्या नावांचा उरतो. त्यांची भांडणात मराठीला गरजच काय? क्षणाक्षणाला बदलणाऱ्यासाठी 'घटकेत तोळा, घटकेत मासा' आहे. दोन तोंडांनी बोलणारा दुटप्पी आहे. स्वतःच्या आरतीत रमलेला आढ्यताखोर. स्वतः चूक करून दुसऱ्यालाच खोटं पाडणाऱ्यासाठी कांगावा आहे, आणि चोराच्या उलट्या बोंबाही आहेत. शिवाय हेकट, तिरसट, खवचट, कुजकट, आडमुठा, विघ्नसंतोषी: भांडकुदळांसाठी एवढी भरलेली पेटी फार थोड्या भाषांकडे असेल. या शब्दांचा एक गुण आहे. ते वागण्याला लागतात. दुटप्पी म्हटलेला माणूस 'कसा काय दुटप्पी?' असं विचारू शकतो, आणि मग म्हणणाऱ्याला उदाहरण द्यावं लागतं. हेकटपणा माणूस सोडूही शकतो. आजार असा टोमण्यानं सुटत नाही, आणि तो होणं हा कुणाचा अपराध नाही.

पुन्हा त्या सभेत जाऊ. सेक्रेटरी म्हणतात, "काका, तुमचं म्हणजे घटकेत तोळा, घटकेत मासा. मागच्या वेळी हो, आज नाही. कारण तरी सांगा." काका चिडतात, पण उभेच राहतात. खिशातून कागद काढतात: नव्या टाकीचं कोटेशन मधल्या काळात वाढलंय, आणि दुरुस्तीवाला पाच वर्षांची हमी देतोय. आवाज चढतात. कुणी हमीवर शंका घेतं, कुणी खर्चावर. भांडण जोरात चालू आहे, आणि ते टाकीबद्दलच आहे. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकलाय आणि हात वर केलाय. गळती त्यांच्याच छतातून होते आहे. टाकीबद्दल त्यांना बरंच बोलायचंय.